सिस्टर आणि माझे डोळे

आमच्या शाळेच्या दवाखान्यातल्या नर्स, म्हणजे सिस्टर, कुणाच्या सांगण्यावर जात नाहीत. ताप आहे म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावतात, नाही म्हणणाऱ्याच्याही लावतात. वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात.

मी गणित शिकवतो आणि मुलांची नाटकं लगेच ओळखतो, असा माझा समज होता. फोपनारहून बसनं येणारी एक मुलगी फळ्यावरचे आकडे चुकीचे उतरवायची, वर डोकं दुखतं म्हणायची. तिचं नाटक उघडं पाडायला मीच तिला सिस्टरांकडे नेलं. त्यांनी तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं केलं. तिसऱ्या ओळीपुढे तिला काही वाचता येईना.

"सर, हिला नंबर आहे, नाटक नहीं है," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्या हातात गोळ्यांची पट्टी दिली. "आता तुम्ही वाचा."

मी पट्टी हात लांब करून धरली आणि ऐटीत म्हणालो, "तापाची गोळी."

"खाजेची आहे. अंदाजा मत लगाइए."

त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. तिची वडिलांसाठी, माझी बायकोसाठी. दोघांनाही सही आणायला सांगितली.

चष्मा आल्यावर मी त्या मुलीची वही पुन्हा तपासली. तिनं लिहिलेले सातचे आकडे मी एक समजून चार बरोबर गणितं चूक ठरवली होती. मी वर्गात तिची माफी मागितली.

ती घाबरून उभी राहिली. "नाही सर, माझंच चुकलं असेल."