सुनेत्राबाईंचा ऐकण्याचा वर्ग

सुनेत्रा आगाशे आमच्या रत्नागिरीच्याच. इथं शाळेत शिकवत असताना शिष्यवृत्ती मिळून त्या अमेरिकेला गेल्या, समुपदेशन शिकल्या आणि पुढं ओहायोतल्या एका विद्यापीठात समुपदेशक घडवू लागल्या. १९८३ साली वर्षभराची रजा काढून आल्या, त्या इथल्या शिक्षकांना मुलांचं ऐकायला शिकवायचं म्हणून. रजा संपेपर्यंत आमच्यातलं कुणी वर्ग चालवण्याइतकं तयार झालं नाही, तर वर्ग बंद पडणार होता. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

दर शनिवारी दुपारी आम्ही दहा-बारा शिक्षक जमायचो. दार बंद, दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं अडचण सांगायची, दुसऱ्यानं त्याच्याकडे बघत नुसती ऐकायची. पण ते कुणालाच जमेना; कुणी सर्दीची तक्रार केली तरी समोरचा काढा सांगून मोकळा. राजापूरकडचे आत्माराम गुरुजी तर सगळ्यांच्या वर.

"बाई, ऐकून काहीच सांगायचं नाही, तर मास्तर कशाला म्हणवून घ्यायचं?"

"बघा, आत्ताही सांगताच आहात," बाई हसत. पण डिसेंबर उलटल्यावर त्यांचं हसणं कमी होत गेलं.

फेब्रुवारीत गुरुजींच्या शाळेतली मैना यायची थांबली. तिचा बाप महिपत गिरणीच्या संपानंतर मुंबई सोडून गावी आलेला. मुलींच्या शिक्षणावर त्याला काय काय सुनवायचं ते ठरवूनच गुरुजी त्याच्या घरी गेले. शनिवारी मात्र गुरुजींकडून वेगळंच ऐकायला मिळालं.

"पडवीत सुंभ वळत बसला होता. म्हणाला, 'गुरुजी, एवढा टोक धरा.' धरून बसलो शेजारी. दोघं अंगणाकडे बघत. बऱ्याच वेळानं आपणच बोलायला लागला. 'बायको मजुरीला जाते. दिवसभर घर खायला उठता. पोरगी असली की बरा वाटता.' माझं भाषण राहूनच गेलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणणार? हं म्हटलं. निघताना तोच म्हणाला, 'सोमवारी धाडतो तिला. तुम्ही मात्र येत जा.'"

बाई म्हणाल्या, "समोर बसला असतात तर तो बोलला नसता. आणि मी तुम्हाला समोर बसवत होते."

पुढच्या शनिवारपासून आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसू लागलो. कुणी सोलायला वाल आणायचं. हात चालू राहिले की ऐकणं जमायला लागलं.

जूनमध्ये बाई परत निघाल्या तेव्हा त्यांनी वर्ग आत्माराम गुरुजींकडे सोपवला.

"मी? अहो, सगळ्यांत बडबड्या मीच."

"म्हणूनच. गप्प बसायला किती जड जातं ते तुम्हीच नीट सांगाल."

त्यानंतर दर डिसेंबरला बाई येत आणि गुरुजींच्या वर्गात आमच्याबरोबर बाकावर बसत. ओहायोतही आता विद्यार्थ्यांना शेजारी बसवून बघते, म्हणायच्या. मी निवृत्त होईपर्यंत कितीतरी मुलं माझ्याजवळ मोकळी झाली. त्यांचं ऐकता आलं, ते बाई आणि गुरुजी या दोघांमुळं.