मासा धुळ्याला नेला तो दिवस

मी शिकलो चौथीपर्यंत, पण मासा कसा पाळायचा ते मला कोणी सांगू नये. जळगावात मेहरूणच्या घरात लाल शेपटीचा मिशाळ मासा तो बोटाएवढा असल्यापासून मी वाढवला. दुकानदार त्याला रेडटेल कॅटफिश म्हणे. सोबत टाकलेले मासे त्यानं एकेक करून गिळले आणि हातभर लांब होऊन काचेच्या टाकीत एकटाच उरला.

मुलानं धुळ्यात घर घेतलं तेव्हा मी एवढंच बोललो, "मासा जिवंत पोचला तर मी तिथं राहीन. नाहीतर जळगावला परत." त्यानं तिकडं भली मोठी टाकी बसवून ठेवली आणि फोनवर बजावलं, "आबा, निघायच्या आधी दोन दिवस त्याला खायला देऊ नका."

हो म्हटलं. पण निघायच्या सकाळी मासा काचेला तोंड लावून उभा. आमच्या दारातून पाहुणासुद्धा उपाशी जात नाही, हा तर घरचा. बाजारातले बारके मासे आणून टाकले. त्यानं घपाघपा संपवले.

"पोरगा नको म्हणाला होता," आमची म्हातारी म्हणाली.

"पोरानं वाढवलाय का त्याला?"

निळ्या ड्रममध्ये पाणी, त्यात बॅटरीवरचा हवेचा पंप. ओल्या चादरीत धरून मासा ड्रममध्ये सोडला. म्हातारी ड्रायव्हरशेजारी, मी टेम्पोत मागं ड्रमला टेकून.

एरंडोल मागं पडलं आणि ड्रममध्ये धपधप झालं. झाकण काढलं तर खाल्लेलं सगळं ओकून टाकलेलं. पाण्यावर फेस, वास असा की डोळे चुरचुरले. मासा वर येऊन तोंड वासत होता, आणि बघता बघता एका कुशीवर कलला. मी केबिनवर मुठी आपटल्या.

ड्रायव्हर ओरडला, "आबा, धुळं काय लांब नाही, दाबतो गाडी!"

"थांबव म्हटलं ना!"

रस्त्याला लागून शेत होतं, शेतात विहीर. वीज गेलेली, मोटर बंद. कापूस वेचणारी एक बाई बादली-दोर घेऊन आली आणि ड्रममध्ये डोकावली.

"बापरे! आबा, इतला मोठा मासा! खावासाठे का?"

"खायचा नाही. पाळलाय."

"मंग हाऊ काय दूध देस?"

म्हातारी खाली उतरत तिच्याच अहिराणीत म्हणाली, "दूध नही देत माय, पन मना नवराले नाचाडस."

दोघी हसल्या. ड्रायव्हरही हसला. मला हसू येत नव्हतं.

ड्रायव्हरनं भरलेली बादली थेट ड्रमवर उचलली. मी त्याचा हात धरला. विहिरीचं पाणी गार, ड्रममधलं कोमट. एकदम ओतलं तर गारठून मरायचा. अर्धं घाण पाणी उपसलं, मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून म्हातारी लोट्यानं उंचावरून धार धरू लागली. मी दंडापर्यंत हात घालून माशाला पोटाखालून उचलून धरला. ओल्या पोत्यासारखा जड, निपचित.

"काही होत नाही त्याला," मी मोठ्यानं म्हणत होतो. हा आता गेला तर पुढं जायचं कशाला? इथूनच टेम्पो वळवायचा. आणि वळवून जायचं तरी कुठं, रिकाम्या टाकीपुढं?

बऱ्याच वेळानं त्याचे कल्ले जरा संथ झाले. बाईनं वर आणखी बादलीभर पाणी दिलं. टेम्पो निघाला तरी मी झाकण लावलं नाही, हातही काढला नाही. पारोळा गाव कधी मागं पडलं ते कळलं नाही.

धुळ्याला टाकीत सोडला तसा तो तळाला जाऊन वाकडा पडला. मुलानं ड्रमचा वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि ड्रम बाहेर नेऊन पालथा केला. आमच्या पेट्या दाराशी तशाच होत्या. सुनेनं आणलेला चहा गार झाला.

"आबा, जरा पडा तरी," ती म्हणाली.

"पडायला आलो नाही."

दिवे लागायच्या सुमारास मासा हलला. घसटत उठला, पलीकडच्या काचेवर आपटला, वळला आणि परत आला. घाण पाण्यानं भाजलेला एका बाजूचा कल्ला अजून लालभडक होता. उद्याचं काही सांगता येत नव्हतं.

सून दारात उभी होती. "खाट कुठं टाकू, आबा?"

"इथं," मी म्हटलं. "काचेसमोर."