एकवीस आवर्तनं

मार्चमधल्या रविवारी दुपारी टाउन हॉलच्या दाराशी चिखलाने भरलेल्या बुटांची रांग लागली, की व्हर्ना कोल्बी आधी त्या बुटांकडे बघायची. छोटे बूट जास्त असले तर पहिल्या नाचात गिरक्या कमी ठेवायच्या, हा तिचा हिशेब. त्या दिवशी छोटे बूट पुष्कळ होते. ढोलीतल्या गोगलगाईंसारखे एकात एक घुसलेले.

व्हर्ना एकाहत्तर वर्षांची होती. न्यू हॅम्पशरच्या त्या डोंगराळ गावात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि सव्वीस वर्षं महिन्यातून एकदा काँट्रा नावाचा लोकनाच पुकारला. दोन लांब रांगा समोरासमोर, दोन-दोन जोड्या मिळून नाचायचं, आणि सुरावटीचं एक आवर्तन संपलं की प्रत्येक जोडीने एक घर पुढे सरकून नव्या शेजाऱ्यांसमोर उभं राहायचं. आता हात धरा, आता गिरकी घ्या, हे पुकारणारी स्टेजवरून सांगते. नवरा एल्विन तिच्या शेजारीच व्हायोलिन वाजवायचा. दोघंही कायम स्टेजवर, त्यामुळे सव्वीस वर्षांत ती एकमेकांबरोबर एकदाही नाचली नव्हती, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

पुकारण्यातली खरी कला गप्प होण्यात असते. आधी पूर्ण वाक्य, मग नुसता शब्द, आणि लोकांच्या पायांना नाच कळला की काहीच नाही. तिथून पुढे हॉल आपला आपण नाचतो. पुकारणारी फक्त आवर्तनं मोजते, आणि वेळ झाली की वादकांना दोन बोटं दाखवते, आणखी दोन, मग एक, शेवटचं.

ऑक्टोबरपासून व्हर्नाचं डोकं मधेच कोरं पडायला लागलं होतं. क्षणभरच, पण पडायचं. तिची आई शेवटची सात वर्षं तिला ओळखत नव्हती. हात धुता धुता विचारायची, "तुम्ही कुणाच्या?" आपलं डोकं असं कोरं पडतं, हे व्हर्नाने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी घरून निघताना मात्र तिने मनाशी ठरवलं होतं, की आज हॉलमध्ये तसं झालं तर पुकारणं बंद. रांगेत पोरंबाळं असतात, त्यांना अर्धवट सोडायचं नाही.

नवख्यांना शिकवताना ती खाली उतरली. डेल्फीन नावाची एक बाई आठ वर्षांच्या मुलीला खांद्यांना धरून इकडून तिकडे ढकलत होती.

"हिला अजून डावं-उजवं कळत नाही हो," डेल्फीन म्हणाली.

"समोरच्या म्हाताऱ्याला तरी कुठे कळतंय? चाळीस वर्षं येतोय."

"एकेचाळीस," समोरून हार्लो म्हणाला.

"ऐकलंत? मोजता तेवढं येतं. खांदे सोडा तिचे. हात द्या आणि तिच्या डोळ्यांत बघा, म्हणजे चक्कर येत नाही."

नाच सुरू झाला. पहिली चार आवर्तनं व्हर्नाने नीट पुकारली, पाचव्याला शब्द कमी केले, सातव्याला गप्प झाली. पोरगी चुकत होती, पण थांबत नव्हती. व्हर्ना तिच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता सगळं सुटलं. माणसं फिरताहेत एवढं दिसत होतं. कशानंतर काय येतं, किती झालं, हे थांबवायचं कुणी, यातलं काहीच हाताला लागेना. ती माईक धरून उभी होती, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून.

हॉलला वाटलं, बाई रंगात आल्या आहेत. घामाघूम झालेली माणसं ओरडायला लागली, लाकडी जमीन दणदणू लागली. अखेर एल्विनने स्वतःच सुरावट लांबवून संपवली. टाळ्या थांबेनात.

डेल्फीन धापा टाकत स्टेजपाशी आली. "किती वेळ दिलात आम्हाला. शेवटी शेवटी हिला जमलं बघा."

"हो ना," व्हर्ना म्हणाली. आणि कॉफी घ्यायच्या निमित्ताने पडद्यामागे गेली.

एल्विन मागोमाग आला. "एकवीस झाली."

"मी गप्प नव्हते. मी हरवले होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. तू अडखळलीस की मी पाय आपटायचो. तू ठोक्यावर परत यायचीस."

व्हर्नाने कप खाली ठेवला. "म्हणजे पाच महिने मी नाही, तुझा बूट पुकारत होता."

"थोडासा."

"मला सांगायचं नाही?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

व्हर्नाने कप पुन्हा उचलला. "मग आज का नाही आपटलास?"

"मला वाटलं मुद्दाम गप्प आहेस. इतकं छान चाललं होतं. नंतर तुझ्याकडे नीट पाहिलं."

बाहेर खुर्च्या सरकत होत्या. मुलांना मेपलच्या पाकाची वडी वाटून झाली होती, ती पुन्हा रांगा लावून उभी होती. व्हर्ना बाहेर आली आणि माईक हातात घेतला. आजपासून पुकारणं बंद, एवढंच सांगायचं होतं, पण तोंडातून निराळंच आलं.

"मघाचा नाच मी लांबवला नव्हता. मी विसरले होते."

दोघं-तिघं हसले.

"थट्टा नाही करत. हल्ली मला असं होतं."

डेल्फीनचा हात मुलीच्या खांद्यावर गेला. मग मागून हार्लोचा आवाज आला, "म्हणजे एकवीस आवर्तनं उगाच? माझे गुडघे परत कर, व्हर्ना."

"तुझे गुडघे दुकानातही कुणी परत घेणार नाही," व्हर्ना म्हणाली. "आता पुढचं. वाचनालयातल्या प्रूने वर्षभर माझी नाच लिहिलेली सगळी कार्डं उतरवून घेतली आहेत, आणि मला कळत नाही असं ती समजते. ती पुकारेल. शिकवायचं मी बघेन. शिकवताना मी खाली असते, समोर माणूस असतं. तिथे अजून डोक्यातून काही जात नाही."

प्रू लाल झाली, तरी स्टेजवर चढली. पहिलं वाक्य तिने इतकं घाईने म्हटलं की निम्मी रांग उलटी वळली. व्हर्नाने खालून तळहात हलवला, हळू. मग ती नवख्यांना एकेक करून जागेवर उभं करत गेली. तिची आई ज्या वयात तिला विसरली त्या वयाला अजून चार वर्षं होती. हे तिच्या मनात आलं, आणि कुणाचा तरी चुकलेला हात बरोबर हातात देताना मागे पडलं.

संध्याकाळी खुर्च्या आवरताना एल्विन म्हणाला, "उद्या डॉक्टरांना फोन करायचा."

"करू."

"मी करतो."

"तूच कर," ती म्हणाली, आणि खुर्च्यांची चळत भिंतीशी ढकलायला त्याला दुसरी बाजू धरायला लावली.