‘ठीक है ना?’ असं विचारायचं नाही

आमच्या खोलीला तेजाबाचा वास होता. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, लखनौच्या चौकातल्या सराफ्यात एका गलाईच्या दुकानात कामाला होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातली माणसं देशभर हे काम करतात. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. भट्टी आणि आमचा स्टोव्ह यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत होती. आईने तिच्यावर जुनी चादर ठोकली होती. धुरानं ती विरून जायची, मग आई दुसरी ठोकायची.

मालक आमच्याच गावचे, नात्यातले. आण्णांना इथे त्यांनीच आणलेलं. आण्णांचा खोकला वाढला तेव्हा ते भट्टीजवळ यायचे आणि बाकीच्या कामगारांदेखत विचारायचे, “काय रं, जमतंय न्हवं?”

“जमतंय की,” आण्णा म्हणायचे.

मालक वाईट नव्हते. आपण विचारलं, याचं समाधान घेऊन ते गादीवर जाऊन बसायचे. पन्नाशीच्या आत आण्णांची फुप्फुसं कामातून गेली. मग आईने आलमबागेत एक खोली घेऊन साड्यांना फॉल-पिकोचं मशीन टाकलं, आणि त्या मशीनवर आमचं घर चाललं.

माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी फिजिओथेरपीची पदवी घेतली. आलमबागेत माझं स्वतःचं क्लिनिक आहे, बाहेर पाटी आहे आणि पाटीवर नावापुढे डिग्री आहे. ती पाटी मी स्वतः पुसते.

डिग्रीने मला स्नायू शिकवले, पण लखनौचे पेशंट मला क्लिनिकमध्ये बसूनच कळले. गुडघा वाकवताना माणूस घामाने डबडबलेला असतो. विचारावं, “दर्द हो रहा है?” तर म्हणतो, “अरे नहीं, आप बिलकुल परेशान न हों.” एका आजींचा खांदा मी हलवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि त्या मला विचारत होत्या, बेटी, तुम थक तो नहीं गईं? तेव्हापासून मी प्रश्न विचारणं कमी केलं. आता मी काम सांगते. पाऊल वर उचला. बोटं पसरा. माझा हात ढकला. जे खरं असतं ते त्यात दिसतं.

माझ्या कॉलेजातली एक सीनियर, मी तिला दीदी म्हणते, विकास नगरात राहते. एकदा तिने मला चहाला बोलावलं आणि म्हणाली, “तुझी मदत हवी आहे, पण आधी पूरा सुन ले, मग तोंड वाकडं कर.”

ती मोठ्या माणसांसाठी एक वर्ग चालवत होती. किंकचा. म्हणजे दोन सज्ञान माणसांनी आपसात ठरवून, खाजगीत, एकानं बांधायचं, दुसऱ्यानं बांधून घ्यायचं, एकानं हुकूम करायचा, दुसऱ्यानं मानायचा. काही लोकांना त्यात सुख वाटतं. ते घरी हे करतातच. फोनवर काहीतरी बघून करतात आणि इजा करून घेतात. म्हणून वर्ग. वर्गात कपडे अंगावर, दोरी हातात, आणि बोलणं फार.

“आणि मी काय करू?”

“हाताची नस कुठे दबते, ते शिकव. बस.”

मी तोंड वाकडं केलं नाही. खरं सांगायचं तर मला घृणा वाटली नाही, भीतीही नाही. मला बघायचं होतं. माणसाला बांधून घेणं का आवडतं? माझे पेशंट माझ्याकडे सुटायला येतात. हे लोक उलट्या दिशेने कुठे निघालेत?

घरी आईने विचारलं, “रविवारी कुठं चाललीस?”

“दोरीच्या गाठींचं ट्रेनिंग आहे. कुणाला इजा होऊ नये म्हणून शिकवायचं.”

“डोंगर चढणाऱ्यांचं व्हय?”

“तसंच काहीसं.”

“मग टोपी घे,” आई म्हणाली.

वर्ग एका योगा स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर होता. मला वाटलं होतं काळे कपडे, लाल दिवे असतील. तिथे सतरंज्या होत्या, पाण्याचा जार होता, आणि कोपऱ्यात बूट इतके नीट लावलेले की कुणाच्या घरी पूजेला आल्यासारखं वाटावं. लोक तिशी-चाळिशीतले. एक जोडपं, लग्नाला बरीच वर्षं झालेलं, एकमेकांच्या मनगटाभोवती सुती दोरी गुंडाळत होतं आणि भांडत होतं, “तुम हमेशा जल्दी करते हो.” मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसती बघत राहिले. त्या बाईला मी नंतर सरळ विचारलं, काय मिळतं यात? ती म्हणाली, “दिन भर सब मैं तय करती हूँ। बच्चे, सास, दफ़्तर। आधा घंटा कोई और तय करे, और मैं जब चाहूँ रोक दूँ।”

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं होतं. मला ते रस्ताभर पुरलं.

त्या दिवशी माझा एक पेशंटही तिथे बसलेला दिसला. मानक नगरचे रेल्वेतले साहेब, गुडघा माझ्याकडेच चालू. ते पांढरे पडले. दीदीचा नियम होता की इथे पाहिलेलं बाहेर पाहिलेलं नसतं; फोन खाली पिशवीत, फोटो नाही, नाव हवं तर खोटं. मंगळवारी साहेब क्लिनिकला आले. आम्ही गुडघ्याबद्दल बोललो. गुडघ्याबद्दल इतकं कसून आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

काही महिन्यांनी दीदीने दिल्लीहून एक शिक्षक बोलावला. नावाजलेला माणूस, हात खरंच सुरेख. असा कुणी लखनौला यायला तयार होत नाही, म्हणून दीदी आठवडाभर उडत होती. तो पुन्हा आला तर वर्ग मोठा होणार, नाहीतर आम्ही मनगटाच्या साध्या गाठीवरच अडकून राहणार, असा हिशेब होता. हॉल भरला होता.

त्यात एक मुलगी नवीन होती. जिन्यात मी तिला आईशी फोनवर बोलताना ऐकलं होतं. पलीकडून मराठी, इकडून हिंदी. डेंटल कॉलेजात इंटर्नशिप चालू होती तिची. माझं मराठी ऐकून ती हसली आणि म्हणाली, “समझ आती है, बोलनी नहीं आती।”

शिक्षकाने दंड पाठीशी बांधायची गाठ दाखवायला घेतली. आजूबाजूला नजर फिरवली आणि तिच्यावर थांबवली. “आप आएँगी? सिर्फ़ अगर आप सहज हों।”

चाळीस डोळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, “जी, कोई बात नहीं।”

तो सभ्यपणे बांधत होता, हे मी लिहून ठेवते. हात कुठेही भलतीकडे गेला नाही. दर वेढ्याला थांबून विचारत होता, “ठीक है ना?” ती म्हणत होती, “जी।” पुन्हा वेढा, पुन्हा “ठीक है ना?”, पुन्हा “जी।” वर्ग कौतुकाने बघत होता, की बघा, किती विचारतो. मीही बघत होते. मग मला तिचा उजवा हात दिसला. मनगट खाली लोंबलं होतं.

मी उठून जवळ गेले आणि मराठीत म्हटलं, “अंगठा वर कर.”

तिने केला. म्हणजे केला असं तिला वाटलं. अंगठा जागचा हलला नाही.

“मनगट उचल.”

तिने हाताकडे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं.

“दोर काढा,” मी म्हटलं.

“मैडम, बस आख़िरी गाँठ है।”

“खोलिए।”

तो सोडवायला लागला, सावकाश, दोरीला धक्का न लावता. मी दीदीच्या बॅगेतली कात्री घेतली आणि दोर कापला. हॉलमध्ये कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, कितनी महँगी रस्सी होगी.

“आप डॉक्टर हैं?” शिक्षकाने विचारलं.

“फ़िज़ियो हूँ। बाँह की नस दब गई है। रेडियल नर्व।”

“मैंने हर बार पूछा। सबके सामने पूछा। उन्होंने हर बार हाँ कहा। आप ही बताइए, इससे ज़्यादा कोई क्या पूछे?”

लोकांच्या माना हलल्या. तो खोटं बोलत नव्हता, अडचण तीच होती.

मी तिला जिन्यात घेऊन गेले आणि तिचा हात माझ्या मांडीवर ठेवला. विचारलं, “मुंग्या कधीपासून येत होत्या?”

“दूसरी गाँठ से।”

“मग बोलली का नाहीस?”

“इतने अच्छे से पूछ रहे थे,” ती म्हणाली. “मना करती तो उनकी बेइज़्ज़ती होती। सब के सब देख रहे थे।” मग हळूच, “मैडम, मेरा अंगूठा ठीक हो जाएगा ना? मुझे दाँत निकालने होते हैं।”

अशी नस बहुतेक वेळा परत येते. बहुतेक वेळा. मी तिला तसंच सांगितलं, त्याहून गोड करून नाही. दुसऱ्या दिवसापासून ती क्लिनिकला यायला लागली. मी मनगटाला पट्टी बांधून दिली. कॉलेजात तिने पडले म्हणून सांगितलं.

दीदीचं आणि माझं त्या आठवड्यात जोराचं वाजलं. ती म्हणाली, अपघात होता. मी म्हटलं, नस दबली तो अपघात असेल, पण त्या मुलीचं ‘जी’ अपघात नव्हता. ते आपण तिच्या तोंडातून काढलं.

“त्याने विचारलं ना, यार.”

“कुठे विचारलं? सगळ्यांदेखत विचारणं म्हणजे विचारणं नाही. इथे माणूस तिसरी पुरी नाकारू शकत नाही, आणि तू म्हणतेस ती दिल्लीच्या सरांना नाकारेल?”

“मग काय, वर्ग बंद करू?”

“मला माहीत नाही. आधी बघू तरी दे की हे लोक ‘नाही’ म्हणू शकतात का.”

मला ते खरंच बघायचं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोऱ्या काढल्याच नाहीत. मी सगळ्यांना जोडीनं बसवलं. एकाच्या हातात चहाचा कप. त्याने चहा द्यायचा, दुसऱ्याने ‘नहीं’ म्हणायचं. फक्त ‘नहीं’. शुक्रिया नाही, हसू नाही, कारण नाही. आणि समोरच्याने कप खाली ठेवायचा, ‘क्यों’ विचारायचं नाही.

कुणालाच येईना. ती भांडणारी बाई म्हणाली, “नहीं, अभी-अभी पी है।” तिच्या नवऱ्याने ‘नहीं’ म्हटलं आणि कप हातात घेतला. रेल्वेचे साहेब बराच वेळ तयारी करून म्हणाले, “नहीं... माफ़ कीजिएगा।”

“सर, माफ़ी काटिए,” समोरचा म्हणाला.

“काट तो दूँ, पर ज़बान पर कुछ नंगा-नंगा सा लगता है,” साहेब म्हणाले, आणि हॉल पोट धरून हसला. देणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट होते. ‘नहीं’ ऐकल्यावर त्यांचे चेहरे खरोखर पडत होते, चहा उकळून बेचव झालेला असूनही. मला वाटलं होतं की नाकारणं अवघड आहे. नकार हातात घेऊन गप्प बसणं जास्त अवघड निघालं.

त्या दुपारनंतर आम्ही नियम बोलत-बोलत ठरवले, एकेका नियमावर दोन-दोन रविवार गेले. शिकवणाऱ्याने शिकायला आलेल्यांतून कुणाला उठवायचं नाही. ज्याच्यावर दाखवायचं तो आधीच ठरलेला हवा, आणि त्याला आधी एकट्याला विचारलेलं हवं, शिकवणाऱ्याने नाही तर तिसऱ्याने. ‘ठीक है ना?’ वर्गातून हद्दपार. त्याऐवजी अंगठा उचला, बोटं पसरा. बांधत नाही, शिकवत नाही असं एक माणूस कात्री घेऊन उभं राहील, आणि त्याने थांब म्हटलं की थांबायचं, वाद नंतर. शिक्षकाने वर्गातल्या कुणाला नंतर एकटं भेटायला बोलवायचं नाही, यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली. “दो बालिग़ लोग हैं, आपको क्या?” एकाने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही फळ्यापाशी उभे आहात तोपर्यंत तिला ‘नाही’ महाग पडतं. तो पटलं नाही म्हणून गेला. एका महिन्याने परत आला.

दिल्लीच्या शिक्षकाला मी स्वतः फोन केला. तो शांत ऐकून म्हणाला, “सब पहले से तय हो, तो उसमें जान क्या बचेगी?” प्रश्न चांगला होता आणि मी त्यावर बराच विचार केला. मला वाटतं, जीव उरतो. त्या बाईला अर्धा तास मिळतो तो ठरवलेलाच असतो. पण मी त्याला एवढंच म्हटलं की येऊन बघा. तो म्हणाला, पहाऱ्यात शिकवायची सवय नाही. दीदीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “तो फिर रहने दीजिए, सर।” त्यात ‘माफ़ कीजिएगा’ नव्हतं. मोठा वर्ग गेला, हे आम्हा दोघींना कळत होतं.

त्या मुलीचा अंगठा हळूहळू उठायला लागला. आधी थरथर, मग अर्धा, मग माझ्या बोटाला जोर देण्याइतका. ज्या दिवशी तिने पक्कड धरून पुन्हा दाढ काढली त्या दिवशी मला मेसेज आला, पेशंटच्या दाढेच्या फोटोसकट, मी जेवत असताना.

नंतर ती वर्गालाही आली. मागे बसली. काही आठवड्यांनी दीदीने तिला चहाच्या टपरीवर एकटीला गाठून विचारलं, पुढच्या वेळी मनगटाची साधी गाठ तुझ्यावर दाखवू का?

“नहीं,” ती म्हणाली.

दीदीने ‘अच्छा’ म्हटलं आणि दुसऱ्याला विचारायला गेली. त्या रविवारी वर्ग नेहमीसारखा झाला, ती मागे बसून शेजारच्याची गाठ सोडवत होती.

वर्ग लहानच राहिला. पण आज लखनौमध्ये असा एक वर्ग चालतो, जिथे एकट्यात विचारल्याशिवाय कुणाला बांधत नाहीत, आणि जिथे कात्री आणि थांब म्हणायचा अधिकार माझ्याकडे आहे, हे शिकवणाऱ्यासकट सगळ्यांनी मान्य केलं आहे.