बाणांवर अनवाणी

चंद्रपूरला गजूभाऊंच्या गेम पार्लरमध्ये नाचाच्या मशीनवर चढताना यासीनचाचा चपला काढायचे. तेवढ्यावर भागायचं नाही. वाकून पोलादी पाटाला हात लावायचे, तोच हात कानाच्या पाळीला, आणि मग उजवा पाय वर. पोरं फिदीफिदी हसायची. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "वाद्यावर चपला घालून चढतेत का बे? पाय ठेवून राह्यलो हेच लय झालं. माफी नको मागाले?"

आता ते वाद्य कसलं! दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढा पाट, त्यावर प्रत्येकासाठी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण. पाय पडला की खालचा दिवा लागायचा. पाठीशी धरायला लोखंडी दांडा, गुडघ्याशी दणदणणारे स्पीकर, समोर पडदा. पडद्यावर खालून बाण चढत यायचे. वरच्या रिकाम्या बाणात ते बसले की त्याच क्षणी पायाखालचा तसाच बाण दाबायचा. साधलं तर पिवळं 'परफेक्ट', हुकलं तर लाल 'मिस'. गाणी कुठल्या मुलखातली, देव जाणे.

कॉलेजचे तास बुडवून मी तिथे पडीक असायचो, त्यातून आमची मैत्री झाली. चाचा लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. साठी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं जेवण विसरावं. उभा जन्म बिगुलाच्या आणि ढोलाच्या शेजारी काढून त्यांचे कान गेले होते. अर्धं ओठांवरून, अर्धं अंदाजानं ते निभावून न्यायचे, म्हणून हे बँडात कुणाला ठाऊक नव्हतं. मोठा ढोल बाजूला वाजला की त्याचा दणका त्यांच्या छातीत बसायचा, आणि त्या दणक्यावर त्यांचे हात बिनचूक चालायचे. पण मनातून ते घाबरलेले असत. बहिऱ्या ताशेवाल्याला कोण विचारतो? म्हणून लग्नसराईच्या तोंडावर ते मशीनवर स्वतःची परीक्षा घ्यायला यायचे.

"बँडमास्तर तोंडावर वाहवा करते," ते म्हणायचे. "नवरदेवाचा बाप तर पिऊन गळ्यातच पडते. मशीन कोणाची भीड ठेवत नाई." गाणं त्यांना ऐकू येत नव्हतंच, आणि त्या स्पीकरचा दणका ढोलासारखा छातीपर्यंत पोचतही नव्हता. पडद्यावर डोळे रोखून ते पाय टाकायचे, आणि पिवळ्या अक्षरांची रांग लागायची. उतरल्यावर माझ्या पाठीत धपका घालून म्हणत, "यंदाचा सीझन निघते बेटा!"

मग एका वर्षी मशीनची पिक्चर ट्यूब जळाली. गजूभाऊंनी हौसेनं नवा चपटा टीव्ही बसवला. चित्र काय झकास दिसायचं! पोरांनी दोन दिवस 'पाय चुकून राह्यले' म्हणून कुरकुर केली, मग गाण्याच्या ठेक्यावर नाचून मोकळी झाली.

चाचा आले. चपला काढल्या, कानाला हात लावला, चढले. लाल, लाल, पुन्हा लाल. दुसऱ्यांदा खेळले, तिसऱ्यांदा खेळले. शेवटी दांडा धरून उभे राहिले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

"झालं रे," ते म्हणाले. "पायाले समजून नाई राह्यलं, तर हाताले काय समजन?"

त्याच आठवड्यात त्यांनी ताशा विकला. बँडमास्तर घरी येऊन हात जोडून म्हणाला, "चाचा, कोणी काई बोललं का तुमाले? मागच्याच लग्नात कसे वाजवले!" चाचांनी नकाराची मान हलवली. वयापुढे कुणाचं चालतं, असं आम्हीही म्हणालो. ते लेकीकडे सिरोंच्याला निघून गेले.

वर्षभरानं मशीन दुरुस्तीला नागपूरहून मिस्त्री आला. पडद्याकडे बघताच म्हणाला, "हा टीव्ही काऊन लावला? याच्यात चित्र जरा मागून येते. मशीन गाण्यावर चालते ना. जो नुसता पडदा पाहून खेळन, तो उशिराच पडन." गजूभाऊ 'असं होय' म्हणून चहा सांगायला गेले. चाचा नुसता पडदाच तर बघायचे!

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं सिरोंच्याला गेलो. वाटभर मला वाटत होतं, आपण माणसाला त्याचं आयुष्य परत द्यायला चाललोय. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून सगळं सांगितलं. टीव्ही, चित्र, उशीर. तुमचं काही चुकलं नव्हतं, चाचा.

त्यांना समजलं.

"म्हणजे माहा हात चांगला होता?"

मी जोरात मान डोलावली.

"मंग हे सांगाले काऊन आला बे?" ते म्हणाले. "वयानं गेलं, अल्लानं नेलं, असं समजून झोप लागत होती मले. आता मीच टाकून आलो म्हणते तू. आता काय करू मी?"

लेकीनं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

त्या पावसाळ्यात चाचा वारले. लेकीनं फोनवर सांगितलं, "तुम्ही आले होते ना, तवापासून अब्बा झोपतच नव्हते."