बारकीचा खिळा

बिल्लेमास्तरांच्या घरात शिरलं की उजव्या हाताला भिंतीवर एक फळी दिसते. फळीला तीन खिळे. पाहुण्यांना वाटतं, किल्ल्या अडकवायची सोय असेल. कोणी तसं बोलून दाखवलं, तर बिल्लेमास्तर त्याला बसा म्हणायचंही विसरतात.

माणसाने उमेदीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत काढली. आधी खाली, आणि गुडघा कामातून गेल्यावर वर, खाणीच्या तोंडाशी, बिल्ल्यांच्या खिडकीत. उतरणारा प्रत्येक जण फळीवरचा आपला पितळी बिल्ला खिशात घालायचा आणि वर आला की परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. भोंगा होऊ दे, साहेब घरी जाऊ देत, सगळे खिळे भरेपर्यंत बिल्लेमास्तर जागचे हलत नसत. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणं म्हणजे तर गुन्हाच. एका पंपवाल्याने एकदा गंमत म्हणून दोस्ताचा बिल्ला खिशात टाकला होता. बिल्लेमास्तरांनी त्याला असा फैलावर घेतला, की पुढे तो स्वतःचा बिल्लासुद्धा भीतभीतच उचलायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं घड्याळ घेऊन येतात, हे गृहस्थ सवय घेऊन आले. घरात फळी ठोकली, तीन बिल्ले केले. बाहेर जाताना न्यायचा, परत आल्यावर अडकवायचा. बायको आधी वैतागली. ‘‘अहो, मी भाजी आणायला चाललेय, खाणीत नाही,’’ म्हणायची. पण बिल्ला न्यायची. मुलगी बारकी तर तेव्हा स्टुलावर चढून अडकवायची. तिन्ही बिल्ले जागेवर आले की मगच दारावरचा दिवा मालवायचा, असा घरचा कायदा होता.

बारकी मोठी झाली, विद्यापीठात गेली. सुट्टीला आली तेव्हा जेवताना तिने विषय काढला. विद्यापीठाकडे देणग्यांचा मोठा निधी असतो, तो कोळसा आणि तेलाच्या कंपन्यांत गुंतवलाय. तो काढून घ्यावा म्हणून आम्ही मुलांनी मोहीम सुरू केलीय. वाढत्या उष्म्याचं, बिघडलेल्या हवेचं तिने नीट समजावून सांगितलं. बिल्लेमास्तर मान खाली घालून जेवत राहिले.

‘‘म्हणजे मी आयुष्यभर पाप केलं तर,’’ ते शेवटी म्हणाले.

‘‘बाबा, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये.’’

‘‘कोळशाबद्दल बोलतेयस ना? मग माझ्याबद्दलच की.’’

शब्दाने शब्द वाढला. आणि बिल्लेमास्तर नको ते बोलून बसले. ‘‘एवढी लाज वाटत असेल तर बिल्ला ठेवून जा.’’

खाणीत हे वाक्य कामावरून काढलेल्या माणसाला ऐकवायचे. बारकीला ते ठाऊक होतं. सकाळी ती गेली. बिल्लेमास्तर उठून बाहेर आले, तर फळीवर दोनच बिल्ले होते.

त्याला आता दोन वर्षं होतील. फोन येतो, पण आईला. बिल्लेमास्तर शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून कान टवकारतात आणि नंतर अगदी साळसूदपणे विचारतात, ‘‘कोणाचा फोन होता गं?’’ बायकोही काही कमी नाही. ‘‘वीजमंडळाचा,’’ म्हणते. पण माणूस आतून पोखरला होता. अर्धं पिऊन खिडकीत विसरलेला बारकीचा पेला पूर्वी त्यांना दिवसातून दहा वेळा उचलायला लागायचा आणि ते दहा वेळा कुरकुरायचे. आता खिडकी स्वच्छ असते, आणि ती बघवत नाही. दारावरचा दिवा तेव्हापासून रात्रभर जळतो.

परवा बायको भाजी निवडताना म्हणाली, ‘‘उद्या विद्यापीठाच्या मंडळासमोर पोरांचं म्हणणं ऐकणारेत. बारकी बोलणार आहे. कोणीही जाऊन बसू शकतं म्हणे.’’

‘‘मला काय त्याचं?’’

सकाळी त्यांनी बुटांना पॉलिश केलं. गुडघा डॉक्टरला दाखवून येतो म्हणाले.

‘‘गुडघ्याला इस्त्रीचा शर्ट लागतो वाटतं,’’ बायको म्हणाली. त्यांनी आपला बिल्ला खिशात घातला आणि बस पकडली.

सभागृहात ते शेवटच्या रांगेत बसले. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि टेबलाच्या या टोकाला उभी बारकी. वाळली होती. केस कापले होते, ते आईने सांगितलं नव्हतं. ती आता कोळशाला काहीतरी वाईट बोलणार, म्हणून बिल्लेमास्तर दात आवळून बसले होते. ती बोललीही. मग कोटवाल्या एका सभासदाने विचारलं, ‘‘आणि खाणीतल्या माणसांचं काय? त्यांच्या चुली कशा पेटायच्या?’’

‘‘आमची चूल खाणीवरच पेटली, साहेब,’’ बारकी म्हणाली. ‘‘म्हणून तर म्हणते, पैसे काढा आणि त्यातले काही त्याच गावांत नव्या कामाला लावा. खाण कधीतरी बंद होणारच. पण बंद करणाऱ्याने आधी फळी बघायची असते. कोणी खाली राहिलं नाही ना, ते.’’

फळीचं कोणालाच कळलं नाही. शेवटच्या रांगेत एका माणसाला कळलं, आणि तो रुमाल शोधायला लागला. सगळं पटलं असं नाही. पण ज्या खिडकीत आपलं आयुष्य गेलं, ती या पोरीने टाकून दिली नव्हती.

मंडळाने निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. पोरं उठून बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. निकाल लागेपर्यंत हलायचं नाही म्हणे. बिल्लेमास्तर लंगडत तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

‘‘बाबा?’’

‘‘डॉक्टरकडे आलो होतो.’’

‘‘या इमारतीत?’’

चुकलं माझं, हे दोन शब्द त्यांनी बसमध्ये घोकले होते. पण तोंडातून ‘‘बिल्ला आहे का?’’ एवढंच आलं.

बारकीने गळ्यातली दोरी बाहेर ओढली. बिल्ला झिजून गुळगुळीत झाला होता. ‘‘ठेवून गेले असते तर सुटलेच असते. परत यायचं होतं म्हणून नेला. तुम्ही बोलवायची वाट बघत होते.’’

‘‘मग चल आज.’’

‘‘आज नाही, बाबा. सगळे बसलेत. मी एकटी कशी उठू?’’

त्यांनी खिशातून आपला बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने हात मागे घेतला. ‘‘अहो बाबा, दुसऱ्याचा बिल्ला...’’

‘‘माहीत आहे मला. येशील तेव्हा दोन्ही घेऊन ये.’’ आणि जाता जाता, तिच्याकडे न बघता, ‘‘चुकलं माझं.’’

घरी येऊन ते खुर्चीत बसले. बायको चहाचा कप घेऊन आली आणि फळीकडे बघून थबकली.

‘‘नाही आली?’’

‘‘येईल.’’

‘‘आणि तुमचा खिळा रिकामा कसा? तुम्ही तर बसलायत इथे.’’

‘‘मी अजून घरी आलेलो नाही.’’

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ‘‘मग हा चहा कोणाला देऊ?’’ म्हणाली, पण कप त्यांच्याच हातात दिला. बाहेर लख्ख ऊन होतं. ती दारापाशी गेली आणि तिने दिवा लावला.