आडनावाची चिठ्ठी

माझा सांभारवडीचा ट्रे मला कचऱ्याच्या पिशवीत सापडला. वरची फॉइल उघडलेलीसुद्धा नव्हती. कोथिंबिरीच्या पन्नास वड्या. वर माझ्याच हातची चिठ्ठी. नाव, आडनाव.

चार जुलै. श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळाचं अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचं जेवण. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा आणि त्यावर नाव लिहायचं, ही मंडळाची पद्धत. पाच वर्षं मी नुसतं पहिलं नाव लिहीत आले. पाचही वर्षं ट्रे चाटूनपुसून रिकामा. "नागपूरकरीण आली, सरका!" म्हणत लोक रांगेत घुसायचे. आडनाव कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. माझ्या आडनावावरून जात कळते. यंदा मी अमेरिकेची नागरिक झाले. हात वर करून शपथ घेतली. म्हटलं, आता कुणाला घाबरायचं? पूर्ण नाव लिहिलं.

जेवणाआधी मुलांनी नाटुकलं केलं. अमेरिकेच्या तेरा वसाहती, इंग्लंडचा एक राजा. माझी लेक मॅसॅच्युसेट्स झाली होती. तिने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले राजावरचे आरोप वाचले. आम्ही अर्ज केले, त्याने अपमान केला. सगळी माणसं समान आहेत, हेही वाचलं. सगळ्यात जोरात टाळ्या काकूंच्या. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. जेवणाचं टेबल त्यांनीच मांडलं होतं.

आवरताना ट्रे सापडला. मी तो त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

"अगंबाई! काढून ठेवला असेल कुणीतरी."

"कुणी?"

"मीच. बऱ्याच जणांना चालत नाही गं. तू समजूतदार आहेस."

"पाच वर्षं चाललं."

"तेव्हा माहीत नव्हतं ना!"

त्या हसल्या. शेजारच्या दोघीही हसल्या. एक काका म्हणाले, "वहिनी, टेक इट ईझी यार. आजच्या दिवशी भांडण नको."

लेक कागदी टोपी घालून मागे उभी. "आई, व्हाय इज अवर फूड इन द ट्रॅश?"

उत्तर मी दिलं. गाडीत. इतकी वर्षं तिच्यापासूनही लपवलं होतं. आता एक शब्द गाळला नाही.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी हा इतिहास पाठ केला होता. समानतेचं वाक्य लिहिणाऱ्यांच्या घरी विकत घेतलेली माणसं राबत होती. त्या वाक्यावर माझा विश्वास नाही. पण एक काम त्यांनी नीट केलं. का तुटतोय ते मुद्देसूद लिहिलं, खाली सह्या केल्या, आणि तुटले.

मीही लिहिलं. काय झालं, कुणी केलं, कोण हसलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत चार घरांतून फोन आले. त्यातल्या एकीचं खरं आडनाव मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. आम्ही लायब्ररीचा हॉल घेतला. ऑगस्टपासून आमचं मंडळ वेगळं.

मग काकूंचा फोन. "ते काढून टाक आणि माफी माग. परत घेऊ तुला. परदेशात मूठभर आपण मराठी माणसं, त्यात फूट पाडतेस?"

"हो," मी म्हणाले. "पाडतेय."